मामा नळावर उभा होता

माझा मामा कापड रंगवायच्या कारखान्यात सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रावर आहे. दर महिन्याला पर्यावरणप्रेमी उद्योजक एका हॉलमध्ये जमतात, एकमेकांना कार्डं वाटतात, आणि मामाचे मालक शुद्ध केलेलं सांडपाणी सर्वांसमोर घटाघटा पितात. बाटली मामा भरतो, कँटीनच्या फिल्टरमधून. यंत्र दोन वर्षं बंद आहे, हे मालकांना माहीत नाही. मॅनेजरने गप्प राहायला सांगितलं आणि मामा राहिला.

काल मंडळी थेट कारखान्यातच आली. फुकटच्या चहासाठी मीही गेलो.

"आज बाटली नको," मालक म्हणाले, "यंत्राचाच नळ सोडा!"

मॅनेजर मामाच्या कानाशी लागला. "घोटभर पाण्यानं कोणी मरत नाही."

मालकांनी ग्लास भरला. पाहुण्यांनीही मागे रांग लावली. मामाने ग्लासावर हात ठेवला.

"साहेब, पिऊ नका. यंत्र बंद आहे. तुम्ही प्यायचात ते कँटीनचं पाणी."

"मग दोन वर्षं नदीत काय सोडलं?" मालकांनी विचारलं.

शहराच्या नळाला त्याच नदीचं पाणी येतं. मामाच्या घरी मात्र दोन वर्षं विकतचे जार का येतात, हे मला तेव्हा कळलं.