पडद्याची तिकडची बाजू

नव्या सुनेनं कमी बोलावं, असं माहेरून बजावून पाठवलं होतं. त्याचा एक फायदा झाला. बोलायचं नसलं की ऐकायला फार मिळतं! अमडापूरला सून म्हणून येऊन मला अजून वर्षही झालेलं नाही. पण पुस्तकं आणि सिनेमा, एवढ्या दोन विषयांवरच आमच्या गल्लीतले इतके किस्से साठलेत की सांगायला बसलं तर डाळ निवडून संपेल, किस्से संपायचे नाहीत.

*

दुपारी आमच्या ओसरीवर बायका डाळ निवडायला जमतात. मला वाचता येतं, म्हणून वाचायचं काम माझ्याकडं आलं. गावातल्या वाचनालयातून पुस्तकं आमचे हे आणून देत. पहिल्या दिवशी मी कादंबरी उघडणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "थांब वं! तशीच काऊन उघडतं?"

त्यांच्या लेखी मोठ्यानं वाचायची ती पोथीच. पाट मांडला, पुस्तकाला हळदकुंकू लागलं, सगळ्यांनी हात जोडले. मग कुठं पहिलं प्रकरण सुरू झालं!

वाचनालयाचे सेक्रेटरी नंतर यांना म्हणाले, "तुमच्याकडून पुस्तकं फारच पवित्र होऊन परत येतात, बुवा!"

*

जत्रेत टुरिंग टॉकीज आली. शेजारच्या काशीमावशींनी सिनेमा कधी पाहिला नव्हता. पहिल्याच खेळात नायकाचा भाऊ मेला. मावशी हमसून रडल्या आणि घरी गेल्यावर डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय चुलीजवळ गेल्या नाहीत. ऐन थंडीत!

पुढच्या खेळात तोच माणूस फेटा बांधून वरातीत नाचताना दिसला. मावशी उभ्याच राहिल्या.

"काऊन रे! मले थंडीत आंघोळ कराले लावली, अन् तू इथं नाचून राह्यला?"

त्यानंतर सिनेमात कुणी मेलं की मावशी शांतपणे शेंगदाणे खातात.

*

टॉकीजच्या तंबूत पडदा मधोमध असतो. पुरुष पुढच्या बाजूला बसतात, बायका मागच्या. एकदा सिनेमा पाहून आल्यावर जेवताना सासूबाई म्हणाल्या, "शहरातले लोक दिसाले चांगल्या घरचे, पन जेवतात डाव्या हातानं!"

सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो. त्यांना ठसकाच लागला. "उजव्या हातानं जेवला तो हिरो. मी समोर बसलो होतो."

"मंग मी का आंधळी हाय?"

घरात अबोला सुरू झाला. काशीमावशींसकट सगळ्या बायका सासूबाईंच्या बाजूनं, कारण सगळ्यांनी डावाच हात पाहिला होता!

शेवटी तोच सिनेमा पुन्हा लागला. जेवणाचा प्रसंग आला तशा सासूबाई उठल्या, पदर सावरून तंबूच्या कडेनं थेट पुरुषांच्या बाजूला गेल्या. त्यांनी नीट पाहिलं आणि परत येऊन आमच्यात बसल्या.

"तिकून उजवा, इकून डावा," त्या म्हणाल्या. "मानूस तोच हाय."

*

माझी नणंद वत्सला. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला, तेव्हापासून माहेरीच असते. लोणारच्या एका बिजवर मास्तरांनी मध्यस्थ पाठवून तिला विचारलं होतं. सासूबाईंनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "आमच्यात असं नसते." वत्सलाताई आत भाकरी थापत होत्या. थापण्याचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

पुढच्याच आठवड्यात यांनी जी कादंबरी आणली, तिच्यात एक विधवा पुन्हा लग्न करायचं ठरवते. हेच पुस्तक का, ते मी यांना विचारलं नाही. अर्ध्यावर आल्यावर सासूबाईंनी सूप खाली आपटलं.

"बंद कर ते पुस्तक! असं का वाचतेत पोरीबाळीत?"

मी पुस्तक मिटलं. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. ओसरीवर कधी तोंड न उघडणाऱ्या वत्सलाताई डाळीतून मान वर न करता म्हणाल्या, "माय, लावलेली पोथी अर्धी सोडत असतेत काय?"

ही पोथी नाही, हे सांगायची ती वेळ नव्हती!

सासूबाईंनी सूप पुन्हा हातात घेतलं. "वाच वं, सुमन."

*

पुस्तक संपलं तशी रीतसर समाप्ती झाली. नारळ फुटला, शिरा झाला. काशीमावशींनी डोळे पुसत विचारलं, "मंग सुखात राह्यली ना वं ते पोरगी?"

"राहिली," मी म्हटलं.

"बरं झालं, बाई!"

संध्याकाळी मामाजी जेवायला बसले. म्हणाले, "लोनारच्या मास्तराचा तो मानूस पुन्हा आल्ता. त्याले पक्कं नाही म्हनून सांगून टाकतो. लोक काय म्हनतीन?"

सासूबाई त्यांना शिरा वाढत होत्या.

"लोक पडद्याच्या तिकून बसले हायत," त्या म्हणाल्या.

सासूबाई माझ्याकडं वळल्या.

"काऊन वं सुमन, लोनारले जाले यस्टी कव्हा असते?"

मला ठाऊक नव्हतं. पण स्वयंपाकघरातून लगेच उत्तर आलं.

"सकाऊनची हाय, माय! मेहकरले बदला लागते!"