फटफटीवरून पेगूला, दादाला आणायला

भर पावसाळ्यात पनवेलहून ब्रह्मदेशाला कोण जातं? तर मी गेलो. भाताच्या गिरण्यांची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस मी. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत मान वर करायला फुरसत नाही, आणि आषाढ लागला की हात रिकामे. जायचं तर तेव्हाच जमणार होतं. कारण एकच, माझा थोरला भाऊ. दादा लढाईच्या आधी तिकडच्या गिरणीत फिटर म्हणून गेला. जपान्यांचे बाँब पडले तेव्हा माणसं डोंगर तुडवत पायी परत आली, दादा आला नाही. लढाई संपल्यावर त्याचं एक पत्र आलं, त्यावर पेगूजवळच्या एका गिरणीचा पत्ता होता. त्यानंतर दहा वर्षं काही म्हणजे काही नाही. गावातले लोक त्याचं नाव आता आईसमोर काढत नसत.

निघताना मी आईला म्हणालो, "आणतोच बघ त्याला, कान धरून."

"कान नको धरू," आई म्हणाली. "थोरला हाय तुझा."

एसटीने ठाणं, आगगाडीने कलकत्ता आणि पुढे बोट. चौथ्या दिवशी सकाळी मळकट पाण्यापलीकडे रंगूनच्या पॅगोड्याचं सोनेरी टोक दिसलं. ते दिसलं न दिसलं तोच पावसाने झाकून टाकलं.

धक्क्याजवळ उस्मानचाचांचं चहाचं दुकान होतं. चाचा मूळचे पनवेलचे. जहाजावर खलाशी म्हणून आले आणि इथेच राहिले. मी गावाचं नाव सांगताच त्यांनी मला मिठी मारली, मग नखशिखान्त न्याहाळून म्हणाले, "या पावसात पेगूच्याही पुढे जायचं? बेटा, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"दादाला आणायचंय, चाचा."

"मग माझी फटफटी घेऊन जा. लष्कराने टाकून दिलेली आहे. चालली तर घोडा, नाही तर गाढव. बाकी अल्ला मालिक!"

पेगूपर्यंत ती घोडा होती. पुढे मात्र तिने रंग दाखवला. रस्ता म्हणजे दोन शेतांमधला चिखलाचा पट्टा. दर दोन-तीन मैलांवर प्लगमध्ये पाणी शिरायचं आणि मी झाडाखाली उकिडवा बसून तो सदऱ्याच्या आतल्या टोकाने पुसत असायचो. दोन्हीकडे लावणी चाललेली. बाया कमरेत वाकून रोपं रोवत होत्या, डोक्यावर बांबूच्या रुंद टोप्या. आमच्याकडे इरली असतात इतकाच फरक. एकदा मी फटफटीसकट खाचरात आडवा झालो, तर सगळा बांध खदखदून हसला. मग त्यातल्याच दोघींनी येऊन गाडी उचलली आणि माझ्या तोंडावरचा चिखल पाहून पुन्हा हसल्या. मला आधी राग आला, मग मीही हसलो. आपल्याकडे तरी वेगळं काय झालं असतं?

एका ओढ्याशी पूल वाहून गेलेला. नावाड्याने दोन होड्या एकमेकींना बांधल्या, वर फळ्या टाकल्या आणि त्यावर फटफटी चढवली. पैलतीरी एका छोट्या हॉटेलात मोहिंगा (मासळीच्या रश्शातल्या शेवया) खायला मिळाला. सोबत ङापी (आंबवलेल्या मासळीची चटणी) होती. वासाने परका माणूस पळून जाईल, पण सुकटीवर वाढलेल्या आमच्यासारख्याला कसली भीती? मी दोनदा मागून घेतली आणि हॉटेलवाली बाई एकदम खूश झाली.

गिरणी सापडली तेव्हा अंधार पडत होता. तिथल्या म्हाताऱ्या तेलुगू मुकादमाला मी दादाचं नाव सांगितलं. तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "है ना! मगर अब वो फोंजी बन गया." फोंजी म्हणजे भिक्खू.

दादा जिवंत आहे, एवढंच मला आधी ऐकू आलं. मी तिथेच भाताच्या पोत्यावर बसलो आणि रडलो. दुसरा शब्द नंतर डोक्यात शिरला.

सकाळी मुकादमाने मला रस्त्याच्या कडेला उभं केलं. पावसाच्या झिमझिमीतून दहा-बारा भिक्खू एकामागे एक अनवाणी येत होते, हातात भिक्षापात्रं, नजर जमिनीवर. बाया पुढे होऊन भात वाढत होत्या. पाचवा माझा दादा होता. डोक्याचा गोटा, गाल बसलेले, पण चाल तीच, डावा खांदा किंचित उतरलेला. मी ओरडलो, "दादा!" त्याची पावलं क्षणभर अडखळली. पण त्याने मान वर केली नाही. तो माझ्या हातभर अंतरावरून निघून गेला.

माझं डोकं भडकलं. आमच्याकडे संन्यास म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक. स्वतःचं श्राद्ध स्वतः करायचं, आई-बाप, घरदार, सगळं संपलं. दहा वर्षं म्हातारी वाट बघतेय आणि हा सगळ्यांवर पाणी सोडून बसला! मी कुणाला काही विचारलं नाही. तसाच फटफटीला लाथ मारली, पेगूचं तारघर गाठलं आणि तार ठोकली. 'दादा सापडला. संन्यास घेतला. येणार नाही.'

तार गेली. बोटीला आठ दिवस होते. दादाला तोंडावर चार शब्द सुनावल्याशिवाय जायचं नाही, असं ठरवून मी परत फिरलो. गिरणीच्या दारात एक बाई उभी होती, गालावर तनाखाचा (खोड उगाळून केलेला) लेप, कडेवर चारेक वर्षांची पोरगी. पोरीची हनुवटी थेट माझ्या आईची. मला कुणी सांगायची गरजच उरली नाही.

"देवरजी," ती बाजारी हिंदीत म्हणाली, "रुका क्यों नहीं? सुबह वो बोल नहीं सकता. नियम है. वो बहुत रोया."

मग तिने मला खाली बसवून सगळं समजावलं. हा जन्मभराचा संन्यास नव्हेच. इथले संसारी पुरुषसुद्धा पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूचं चीवर नेसतात. आपल्या आषाढी पौर्णिमेला सुरुवात, आश्विनातल्या पौर्णिमेला शेवट, की पुन्हा घरी, पुन्हा गिरणीत. म्हणजे आपला चातुर्मासच की! कुणी कांदा-वांगं सोडतं, इथे घर सोडतात. आणि मुलगा भिक्खू झाला तर त्याचं पुण्य आईला लागतं, अशी इथली श्रद्धा.

"माँ के लिए किया," ती म्हणाली. "पनवेल की माँ के लिए."

शितावरून भाताची परीक्षा करणारा मी, उभा जन्म गिरण्यांत घालवलेला माणूस, एका शितावर अख्खं भांडं उलथून आलो होतो. तसाच पुन्हा पेगूला पळालो. पण दुपारच्या पुराने तारांचे खांब आडवे केले होते. तारबाबूने नुसते हात हलवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी विहारात दादा भेटला. मी पाया पडलो, तर त्याने हात जोडले नाहीत. भिक्खूने उलट नमस्कार करायचा नसतो, हे आता मला कळलं होतं. डोळे मात्र त्याचे भरून आले.

"पत्र का नाही टाकलंस?" मी विचारलं.

"काय लिहू? दुसऱ्या देशातली, दुसऱ्या धर्मातली बायको केली म्हणून? आईला गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती."

"आता चल. चीवर उतरवता येतं म्हणतात."

"येतं. आज उतरवलं तरी कुणी अडवणार नाही. पण एकदा या देशाबाहेर पडलो की सरकार परत आत घेईल, याची खात्री नाही. या दोघींना कुणाच्या भरवशावर टाकू? आईसाठी मला इथून एवढंच करता येतं रे."

रंगूनला मी चाचांची फटफटी परत केली आणि एकटाच बोटीत चढलो. बोटीवर मी रोज एकच हिशेब करत होतो, तार कधी पोचली असेल आणि ती ऐकून आईचं काय झालं असेल.

घरी पोचलो तेव्हा आई तांदूळ निवडत बसली होती. गावातल्या चार शहाण्यांनी तार वाचून तिला सांगितलं होतं की संन्यासी म्हणजे घराला मेलेलाच, त्याच्या नावाने आंघोळ कर आणि मोकळी हो. आईने केली नव्हती.

"मेलेल्याची आंघोल करतात," ती मला म्हणाली. "माझा सापडला तं."

मी सगळं सांगितलं. सून, नात, तीन महिन्यांचं चीवर. पुण्याची गोष्ट तर चांगली रंगवून सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"पुन्याचं काय लोनचं घालू?" ती म्हणाली. "मला त्याला बघायचं हाय."

"त्याला येता येत नाही, आई."

"मंग मी जाते."

"तू?"

"का? तुलाच पाय हायत?"

मी त्याला आणायचं ठरवलं, त्याने तिला पुण्य द्यायचं ठरवलं. दोन कर्तबगार मुलगे आम्ही, पण तुला काय पाहिजे, हे म्हाताऱ्या बाईला दोघांनीही विचारलं नव्हतं. याची मला आजही लाज वाटते.

पासपोर्टला फोटो लागतो म्हणून मी तिला पनवेलच्या फोटोवाल्याकडे नेलं. तिचा हा आयुष्यातला पहिला फोटो. फोटोवाला चाचरत म्हणाला, "आजी, डोक्यावरचा पदर काढावा लागेल. कान दिसायला पाहिजेत." परक्या पुरुषासमोर तिचा पदर ढळलेला मी कधी पाहिला नव्हता. मी मध्ये पडून काहीतरी बोलणार, तोवर आईने तो एका झटक्यात खाली ओढला आणि कॅमेऱ्यासमोर ताठ बसली.

"नीट काढ रं बाबा," ती म्हणाली. "तितं कुनी अडवाया नको."