एल्फांच्या लग्नात आत्याने काढलेलं कूळ

मंडळी, काल माझ्या एल्फांच्या कादंबरीतलं राजघराण्यातलं लग्न वाचून ज्यांनी हार्ट पाठवले, त्यांना आधी सॉरी. माझ्याकडून घोळ झालाय.

आज दुपारी मुर्ध्याहून आत्याचा फोन आला. तिचं स्वतःचं लग्न झालेलं नाही, पण गावात कुठलीही सोयरीक जुळवायची तर दोन्हीकडची कुळं आधी तिला विचारतात. ती माझी कादंबरी मोबाईलवर वाचते, हे मला माहीतच नव्हतं.

"तुझ्या राजकुमारीचा पणजा कोण?"

"सावेर. पहिला राजा."

"आन नवऱ्या पोराचा?"

मी जुन्या नोंदी उघडल्या. तोही सावेरच. पोराची वंशावळ मी बऱ्याच महिन्यांपूर्वी लिहिली होती आणि साफ विसरलो होतो.

"तुझे एल्फ मरत न्हाईत ना? मग तो म्हातारा मांडवात बसून दोन्हीकडून अक्षता टाकतोय. भावकीत लगीन न्हाय होत."

मला हसू आलं. म्हटलं, "आत्या, गोष्टच आहे ती. पोराला दुसरा पणजोबा देतो. दोन ओळींचं काम आहे."

ती म्हणाली, "दोनच ओळींचं?"

आणि फोन ठेवता ठेवता, अगदी हळू, "माझ्या वेळेस कुनी पणजा बदलला न्हाय."

तेव्हापासून ते प्रकरण उघडून बसलोय. बदललं तरी तिला लागणार, तसंच ठेवलं तरी लागणार. तुम्हीच सांगा, लिहू का त्या दोन ओळी?