पुष्पावतीबाईंची हराळी

१४ मे २०२२. माणसे दोन, शेळी एक, झाड एकही नाही.

पाथर्डी तालुक्यातल्या एका गावाच्या कडेला, दीड गुंठा जागेत, पुष्पावतीबाई आणि त्यांचे पती बिभीषण त्या दिवशी नव्या घरकुलात राहायला आले. घराभोवती गावाने वर्षानुवर्षे फुटकी कौले, राख आणि राडारोडा टाकला होता; उरलेल्या जागेत वेडी बाभूळ माजली होती. लग्नानंतरचे सारे आयुष्य या जोडप्याने ऊसतोडीत घालवले होते. दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचे, उसाच्या फडाजवळ पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, उभारायची, आणि उन्हाळा तापू लागला की दिराच्या पडवीत परतायचे. स्वतःचे अंगण पुष्पावतीबाईंना प्रथमच लाभत होते. त्यात काही हिरवे लावावे आणि ते जगावे, एवढीच त्यांची इच्छा होती. मात्र जी घरे जवळजवळ अर्धे वर्ष कुलूपबंद असतात, त्यांच्या अंगणात झाड लावण्याची रीत नाही. पाणी घालणारे कोणी नसते.

पहिल्याच महिन्यात त्यांच्याकडून एक चूक झाली, आणि ती ऊसतोड करणाऱ्या माणसाच्याच हातून व्हावी अशी होती. कोपीभोवती गवताची काडी ठेवत नाहीत. साप दिसला पाहिजे, बिबट्याला आडोसा मिळता कामा नये. त्याच सवयीने त्यांनी बाभळी तोडल्या, राडारोडा उचलला आणि राहिलेले सारे गवत फावड्याने खरवडून जमीन लख्ख केली. मधोमध शेवगा आणि लिंबू लावले. समोर छबूबाई राहत. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. गुडघ्यांमुळे त्यांची ऊसतोड सुटली होती. त्या उंबऱ्यावरूनच म्हणाल्या,

“पुष्पे, हे अंगन हाय का तवा? भाकरी टाकती का त्याच्यावर?”

“तुमी पीठ मळा मावशी, मी टाकते.”

जुलैत दोन दिवस जोराचा पाऊस झाला. उघडी माती ओढ्याला गेली, घराचे जोते वीतभर उघडे पडले, रोपे वाहून गेली.

“फरशी टाकून घेऊ,” बिभीषण म्हणाले. “आपल्याला काय बाग शोभती व्हय?”

दुसऱ्या दिवशी पुष्पावतीबाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेल्या. तिथलीही माती वाहिली होती. बांध मात्र जागच्या जागी होता. त्याला हराळीने धरून ठेवले होते.

हराळी ही शेतकऱ्याची जन्माची वैरीण. तिच्या मुळ्या उपसण्यात या भागातल्या बायकांची उमर सरते. त्या संध्याकाळी उपसलेल्या हराळीचा भारा डोक्यावर घेऊन पुष्पावतीबाई घरी आल्या आणि जोत्याच्या कडेने एकेक तुकडा मातीत खोचू लागल्या.

“अगं, हराळी उपटत्यात, लावीत न्हाईत!” छबूबाई ओरडल्या. “येड लागलं का तुला?”

“उपटून मरत न्हाई ती मावशी. म्हनून तर लावते.”

सप्टेंबरपर्यंत अंगण हिरवे झाले. माती थांबली. शेवगा आणि लिंबू त्यांनी पुन्हा लावले, भोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण केले. प्रश्न उरला तो हंगामाचा. हराळी करपली तरी पावसात फुटते. रोपांचे तसे नाही. निघण्याआधी त्या छबूबाईंकडे सावड मागायला गेल्या. सावडीत कामाची फेड कामानेच होते: आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या.

“रोपं तेवढी जगवा. आल्यावर तुमच्या रानात राबंन.”

“रोपांला घालीन. त्या वैरनीला न्हाई पाजायची मी पानी.”

त्या हिवाळ्यात नळ चौथ्या दिवशी येई. फेब्रुवारीपासून टँकर सुरू झाला. छबूबाई भांडी विसळल्याचे पाणी साठवीत आणि दुखऱ्या गुडघ्यांनी रस्ता ओलांडून ते रोपांना घालीत. एप्रिलमध्ये कुलूप उघडले तेव्हा हराळी पिवळी पडली होती, पण शेवगा दाराच्या उंचीला लागला होता आणि लिंबाला नवी पालवी होती. बिभीषणांनी ते पाहिले. दुसऱ्या सकाळी कोणी न सांगता त्यांनी कढीपत्त्यासाठी खड्डा घेतला.

ज्यांना आपण स्थिर जागा दिली नाही, त्यांच्याकडून जागेविषयी आस्थेची अपेक्षाही आपण करत नाही. पुष्पावतीबाईंनी ती आस्था कोणी न मागता दाखवली. त्याहून मोठी गोष्ट ही, की जन्मभर ज्या सवयीने जीव राखला ती इथे चुकते आहे हे कळताच त्यांनी ती सोडली, आणि कोणी वेड्यात काढले तरी पर्वा केली नाही.

पावसाळा लागताच त्या खुरपे घेऊन छबूबाईंच्या दारी उभ्या राहिल्या.

“चला मावशी, रान दाखवा.”

“कसलं रान? पुतन्याला वाट्यानं दिलं औंदा. माझ्याच्यानं व्हतंय का आता?”

“मग पुतन्याच्या हाताखाली खुरपते.”

“तिथं खुरपलीस तर ती सावड त्याची झाली. माझी कशी?”

“धुनं धुते, पानी भरते तुमचं.”

“सावड रानाची बोलली हुतीस. मोलकरीन न्हाई ठेवली मी.” छबूबाई हसल्या. “ऱ्हाऊ दे तुझ्या अंगावर. गावात कुनी तरी माझं देनं लागतंय, एवढं असू दे.”

पुष्पावतीबाई दर पावसाळ्यात विचारतात. उत्तर तेच मिळते. छबूबाईंची एका हंगामाची सावड अजून फिटलेली नाही.