ट्रॅकला वाफसा येईपर्यंत

आमच्या टोमॅटोच्या शेताला लागूनच मोटरसायकल शर्यतींचा मातीचा ट्रॅक होता. नव्वदच्या सुमारास तिथं एकदा परदेशी रायडर येऊन गेले. धूळ इतकी उडाली, की पहिला कोण आला हे खोकत खोकत ठरवावं लागलं. पाहुणे गेले ते फिरकलेच नाहीत. दहा-बारा वर्षांनी ते पुन्हा येणार म्हटल्यावर ट्रॅक चालवणारे शेठ आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"भाऊ, या वेळी धूळ दिसली तर हे लोक कायमचे गेले. पाणी तुमच्याकडं."

ट्रॅक्टर माझा, टँकर माझा, आणि अक्कलही माझीच वापरायची होती. घात तिथंच झाला.

शर्यतीच्या सकाळी मी ऐटीत पाणी मारत निघालो. मोठ्या उडीनंतर गाड्या जिथं उतरतात तिथं पोचलो, तर पलीकडं परदेशी गाड्या ट्रकमधून उतरत होत्या. काय एकेक रंग! मी सीटवर उभा राहून बघत बसलो. टँकरचा कॉक उघडाच.

शेठ आले आणि घोट्यापर्यंत रुतले. "अहो भाऊ, शर्यत मोटरसायकलींची आहे, म्हशींची नाही!"

परदेशी पंचांनी दोन तास दिले. नाहीतर शर्यत रद्द. इकडं येवल्यापासून इगतपुरीपर्यंतची माणसं बांधावर येऊन बसलेली.

आरडाओरडा ऐकून आई शेतातून आली. चिखलाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"दोन पोरांचा बाप झाला, पण पानी द्यायला नाय शिकला." मग तिनं फावडी मागवली, चिखल ओढायला लावला, वर कोरडी माती पसरली. मूठभर माती वळून लाडू केला आणि खांद्याच्या उंचीवरून सोडला. पचकन चपटा! "नाय. वाफसा नाय आला, माती अजून लई वली हाय. लाडू फुटला पायजे."

दर दहा मिनिटांनी एक लाडू. प्रत्येक वेळी बांधावरून शेकडो गळे ओरडायचे, "नाऽऽय!" एका गोऱ्या रायडरनंही हौसेनं लाडू वळला आणि स्वतःच्याच पांढऱ्या बुटावर पाडला.

आई म्हणाली, "याला दम धर म्हणावं."

पाच मिनिटं उरली असताना लाडू पडला आणि भुसभुशीत फुटला. टोप्या उडाल्या. मी कुणाला मिठी मारली ते आठवत नाही, पण त्यानं हेल्मेट घातलेलं होतं. गाड्या सुटल्या, उडीवरून आभाळात गेल्या, खाली उतरल्या. चिमूटभर धूळ नाही!

शर्यत संपल्यावर पंच शेठशी काहीतरी बोलले. शेठ पळतच आईकडं आले.

"मावशी, पुढच्या वर्षी पण येतो म्हणतात! पण माती तुम्हीच बघायची, अशी अट आहे."

आईनं पदरानं हात पुसले. "येऊ द्या की. फक्त लावणीच्या दिवसात नको म्हणावं. तवा मला टाइम नसतो."