हाताला लागणारा आवाज

रिहे गावातल्या आमच्या घरी खर्जाचा दणका देणारा सबवूफर जुळवायला पिरंगुटहून एकजण आला होता. सबवूफर आणि स्पीकरचा आवाज एकाच वेळी पोचावा म्हणून तो लॅपटॉपवर आकडे बदलायचा आणि दरवेळी सबवूफरवर तळहात ठेवायचा. मला ती नाटकं वाटली.

"कानानं ऐका की," मी वैतागून ओरडलो.

"मिरवणुकीत डीजेपुढं उभं राहून कान गेलं. आता नुसता दणका हाताला कळतोय," माझ्या ओठांकडं बघत तो म्हणाला.

टेबलावर त्याचा फोन वाजत होता. त्याला पत्ताच नव्हता. मी खूण केली. पडद्यावर लहान मुलीचा फोटो होता. त्यानं फोन स्पीकरवर टाकून तळहातावर धरला आणि ती बोलत असताना अंदाजानं "व्हय, व्हय" म्हणत राहिला.

फोन बंद झाल्यावर म्हणाला, "पोरीचा आवाज लई बारीक हाय. हाताला लागत न्हाई."