आर्नहेमच्या जंगलातला आडवा दांडा

निघताना वसुताईनं माझ्या बॅगेत चकल्या, गोडा मसाला आणि एक कामगिरी भरली.

"सुध्या, जन्मभर नाटकं केलीस ना? आता एक कामाचं कर. रड, पाया पड, छातीत दुखतंय म्हण. पण मुक्ताला थांबव."

मुक्ता म्हणजे ताईची मुलगी. नवऱ्याच्या नोकरीमागून नेदरलँड्सला गेली, पुढे एका मदतसंस्थेत लागली आणि आता लढाई चाललेल्या एका मुलखात पिठाचे ट्रक पोचवते. मागच्या फेरीत तिचा सहकारी, ड्रायव्हर इद्रिस, मारला गेला. तरी ती पुन्हा निघाली होती. ताईची झोप उडाली होती. मला मात्र, चोरून सांगतो, मोठी भूमिका मिळाल्याच्या गुदगुल्या होत होत्या. विमानात मी हुंदक्यांचे निरनिराळे प्रकार बसवून पाहिले. शेजारच्या बाईंनी घाबरून माझ्यासाठी पाणी मागवलं.

मुक्ताचं घर उइटहॉर्नला, आमस्टेल नदीच्या काठी. इथल्या घरांना मोठमोठ्या काचा असतात आणि पडदे कुणी ओढत नाही. संध्याकाळी रस्त्यानं चाललं की घराघरात एकेक प्रवेश चालू! कुणी सूप ढवळतंय, कुणी मांजराशी भांडतंय. फुकटात इतकी नाटकं पुण्यातही दिसत नाहीत.

सकाळी पावावर लोणी आणि हाखलस्लाख (चॉकलेटचे बारीक दाणे) आले. मुक्ताचा नवरा निखिल हळूच म्हणाला, "मामा, दुपारीही पावच असतो. मनाची तयारी ठेवा."

मी घसा खाकरून पहिला हुंदका काढला. मुक्तानं वरही पाहिलं नाही.

"मामा, आईनं पाठवलंय ना तुला?"

"छे! मी ट्यूलिप बघायला आलोय."

"जून आहे. ट्यूलिप कधीच संपले."

निखिल खोकायला लागला. मी हुंदका गिळला आणि सरळ विचारलं, "इद्रिसचं काय झालं?"

मुक्ता ताटलीतले दाणे बोटानं गोळा करत बोलू लागली. त्यांची रीत अशी, की निघण्याआधी दोन्ही फौजांना कळवायचं. गाड्या कुठल्या, रस्ता कुठला, वेळ कुठली. गाड्या पांढऱ्या, टपावर मोठी खूण. म्हणजे चुकूनही गोळा पडू नये.

"म्हणजे बंदूकवाल्यांनाच पत्ता द्यायचा?"

"दुसरा उपाय नाही, मामा. कळवलं होतं. कळलं म्हणून उत्तरही आलं होतं. तरी गोळा पडला. पण इद्रिस त्या गोळ्यानं नाही गेला. त्याला नेणारी रुग्णवाहिका नाक्यावर अडवून ठेवली. नाक्यावरच्या आडव्या दांड्याच्या अलीकडे गेला तो. डॉक्टर पलीकडे होते."

"आणि तू परत तिथंच जाणार?"

"त्याची बायको सलमा त्या गावात सामुदायिक स्वयंपाकघर चालवते. पीठ संपलंय. गोदामात आमचं पीठ थप्प्या लावून पडलंय. मध्ये फक्त तो नाका आहे."

निखिल उठून भांडी धुवायला लागला. धुतलेलीच बशी त्यानं पुन्हा धुतली.

"उद्या आर्नहेमला आमची तालीम आहे," मुक्ता म्हणाली. "नाक्यावरच्या शिपायाचं काम करणारा माणूस आजारी पडलाय. करशील?"

मी तिला थांबवायला आलो होतो. पण रंगीत तालीम आणि खलनायक! मी हो म्हणून बसलो.

आर्नहेमपर्यंत आगगाडी. बाहेर सपाट हिरवं रान आणि त्यात तब्येतीनं चरणाऱ्या गाई. शहरापलीकडे जंगल सुरू होतं. तिथे मारेका नावाची, माझ्यापेक्षा दोन वीत उंच प्रशिक्षिका भेटली. तिनं मला टोपी आणि लाकडी बंदूक दिली आणि दोन पिंपांवर ठेवलेला पाइनचा दांडा दाखवला.

"हे तुझं राज्य," ती इंग्रजीत म्हणाली. "कागद बरोबर असले तरी अडव. कंटाळा येईपर्यंत अडव."

पहिला ट्रक आला. मी परवाना उलटा धरून वाचला. पोती उतरवायला लावली, परत चढवायला लावली. ड्रायव्हरचं नाक मला आवडत नाही, असंही सांगितलं. सगळे शांत, हात दिसतील असे समोर, बोलणारा एकच. मारेका खूश. मीही खूश.

दुसऱ्या ट्रकमध्ये मुक्ता होती. तिला पाहिलं आणि संहिता सोडून मी मराठीत सुरू झालो.

"परत फिर. तुझ्या आईच्या डोळ्याला डोळा लागत नाही."

तिचे हात डॅशबोर्डवरून हलले नाहीत. "साहेब, परवाना तुमच्या हातात आहे. मागे पीठ आहे. पुढच्या गावात चूल पेटायची आहे."

"मुक्ते, मी मामा बोलतोय!"

"आम्ही थांबतो, साहेब. तुम्ही दांडा वर करेपर्यंत."

मी रडलो. हा हुंदका बसवलेला नव्हता. मारेकाला तो अभिनय वाटला. तिनं अंगठा वर करून दाखवला. मुक्ता समोर बघत राहिली. इंजिन बंद. मागे पोती. मी आधारासाठी दांड्याला हात लावला, तर तो हलला. हलकाच होता. एका हातानं उचलावा इतका.

आणि माझं डोकं फिरलं. दुष्काळ म्हणजे भेगाळलेली जमीन आणि कोरडं आभाळ, अशी माझी शाळेपासूनची समजूत. इथे पीठ आहे, ट्रक आहे, जीव धोक्यात घालणारी माणसं आहेत, आणि एक माणूस दांडा खाली धरून बसतो. त्याच्यामागे कडक इस्त्रीतला कुणी साहेब असतो, जो पोरं उपाशी ठेवण्याला डावपेच म्हणतो आणि ड्रायव्हर मेला की "चौकशी करू" म्हणतो. त्याला बंदुका विकणारे दुःख व्यक्त करतात. ही उपासमार आभाळातून पडत नाही हो, हरामखोर ती पहारा लावून राखतात! मला शिव्या भरपूर येतात. त्या दिवशी एकही पुरेना.

मी दांडा उचलला.

"आभारी आहे, साहेब," मुक्ता म्हणाली. ट्रक गेला.

मारेका तरातरा आली. "फार लवकर उचललास. खरे लोक इतक्यात उचलत नाहीत."

मुक्ता माझ्या आधी निघाली. ताईच्या चकल्या तिनं सलमासाठी बॅगेत घातल्या. विमानतळावर निखिल तिला म्हणाला, "पोचलीस की फोन," आणि नंतर गाडी कुठे लावली तेच विसरला. आम्ही दोघं वेड्यासारखे शोधत फिरलो, एकमेकांकडे न बघता.

पुण्यात दार उघडताच ताईनं विचारलं, "थांबवलंस?"

"थांबवलं. मग मीच दांडा उचलला."

तिला मी सगळं सांगितलं. ती मला बोल बोल बोलली. मग चहा ठेवला आणि फोन टेबलावर मधोमध आणून ठेवला. "नाका ओलांडला की करेल ना?"

अजून आलेला नाही. मी हे लिहितोय, ताई समोर बसली आहे, आणि तिकडे कुणीतरी दांडा खाली धरून बसलाय. जड नसतो हो तो. मी उचलून पाहिलाय.